चंद्रीचं दावं

मु. रनाळे, तालुका नंदुरबार, पश्चिम खानदेश
कार्तिक शुद्ध पंचमी, शके १८६५

चि. सुपडू,

आईचा तुझ्या डोक्यावरून हात. थंडी असेल तिथे छाती झाकून ठेव, उपाशी राहू नकोस, आणि तुझी पत्रं आमच्याआधी उघडून वाचणारे जे कोणी साहेब आहेत त्यांनाही माझा नमस्कार सांग. मागच्या पत्रात तू कुठल्या गावी आहेस ते त्यांनी काळ्या शाईनं बुजवून टाकलं होतं. मी तो कागद उन्हात धरला, चिमणीपुढे धरला, पण काही दिसलं नाही. शाई चांगली वापरतात.

इकडे कापूस फुटून शेत पांढरं झालं आहे आणि वेचायला माणूस नाही. म्हैस व्याली. पारडी झाली, कपाळावर चांद आहे. तुझी धनुआत्या दिवाळीला आली ती अजून इथेच आहे. तिचं तोंड आणि माझी चूल, दोन्ही दिवसभर चालू असतात. साखर औषधालासुद्धा मिळत नाही म्हणून यंदा करंज्या गुळाच्या केल्या. तुझ्या वाटणीच्या डब्यात भरून ठेवल्या आहेत. तू धनत्रयोदशीला येणार होतास, आला नाहीस. त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. सरकारी काम आहे, तिथे आपली मर्जी कुठे चालते. आम्ही काही फार वाट पाहिली नाही.

बरं, आता एक गोष्ट लिहायची आहे. घाबरण्यासारखं काही नाही, म्हणूनच इतकी खाली लिहिते आहे.

चंद्री उलटली.

आम्ही नंदुरबारहून परत येत होतो. तिन्हीसांजेची वेळ, नाल्याचा भराव. रानडुक्कर आडवं आलं, आबांनी चाक फिरवलं आणि मोटार कुशीवर गेली. मी शेजारच्या तुरीत फेकली गेले. कोपर खरचटलं आणि हिरवं लुगडं फाटलं, एवढंच. आबांच्या डाव्या पायाला थोडं लागलं आहे. धनुआत्यानं तिच्या ओळखीचा हाडवैद्य आणला. त्यानं पाला लावला, बांबूच्या कामट्या ठेवल्या आणि करकचून बांधून टाकलं. माघात उभे राहतील म्हणाला.

चंद्रीचं मात्र बरं नाही. दोन बैलजोड्या लावून तिला घरी आणलं तेव्हा अर्धं गाव मागून चालत होतं. पुढचं एक चाक आत वळलं आहे, छपराच्या काठ्या मोडल्या, काच गेली, दिवे गेले. युसुफ मिस्त्री नंदुरबारहून मुद्दाम येऊन पाहून गेला. तुला पाना धरायला शिकवणारा तो माणूस, एरवी बोलून बोलून डोकं उठवतो. पण गाडीखाली झोपला तो नुसता हातोडीनं ठोकून पाहत राहिला. बाहेर आल्यावर मला एकटीला गाठून म्हणाला, "भाभी, ढाचाच वाकी गया. इंजन तेवढं जित्तं शे." मी म्हटलं, हे आबांना सांगू नको. त्यानं सांगितलं नाही.

आबांनी बाज गोठ्याकडे तोंड करून ठेवायला लावली आहे. तिथून चंद्री दिसते. तुला त्यांचं ठाऊकच आहे. तू पाळण्यात होतास त्या साली आजोबांची म्हातारी घोडी चंद्री विकली आणि हे सारंगखेड्याच्या जत्रेत दुसरी घोडी आणायला गेले. जत्रेतून माणूस घोडी घेऊन येतो, यांनी एका पारशी ठेकेदाराची काळी फोर्ड आणली. आजोबांनी एवढंच विचारलं, "दात देखात का तिना?" नाव घोडीचंच ठेवलं. पोळ्याला बैलांबरोबर तिला आंघोळ, दसऱ्याला झेंडूची माळ, आणि कपाळाला म्हणजे पुढच्या जाळीला हळदकुंकू. मी तिला जाऊबाई म्हणत आले, कारण घरात आधी तिचं पाहायचं आणि मग माझं. पहिल्यांदा तिच्यात बसले तेव्हा पदर धरू की दार धरू ते कळेना. पदर सोडला, दार धरलं, आणि सासऱ्यांसमोर डोकं उघडं पडलं. तेव्हापासून मी तिच्यावर रागावलेली. आता ती वाकडी होऊन उभी आहे तर माझ्यानंच बघवत नाही.

मी लिहिते आहे ते आबांना दिसतं आहे. "काय लिहस?" म्हणून विचारलं. म्हटलं, म्हैस व्याली ते. "बरं," म्हणाले, आणि पुन्हा गोठ्याकडे तोंड केलं.

खुशाली कळव. इकडची काळजी करू नकोस.

तुझी आई
नर्मदा


नंदुरबार, दवाखान्याच्या ओसरीवरून
कार्तिक शुद्ध त्रयोदशी

सुपडू,

तुझं कार्ड आलं. रजा रद्द झाली, आता कधी मिळेल ते सांगता येत नाही. दिवाळीआधी टाकलेलं कार्ड दिवाळीनंतर पोचलं. आधी पोचलं असतं तर, असं मी लिहिणार नव्हते. हात लिहून गेला.

मागच्या पत्रात थोडं लागलं असं मी लिहिलं होतं. थोडं नाही, बाळा. पाय रोज सुजत होता आणि धनुआत्या म्हणत होती की सूज म्हणजे हाड धरतं आहे. परवा बोटं निळी दिसली. मी आबांचं न ऐकता विळीनं दोऱ्या कापल्या, कामट्या सोडल्या, आणि खालून जो वास आला तो अजून माझ्या नाकातून जात नाही. पाऊल काळं पडलं आहे. युसुफनं बैलगाडीत गादी घालून इथे आणलं. त्याची बायको सकीना मला शिधा पाठवते. मी ओसरीच्या मागे तीन दगड मांडून भाकरी थापते. आबा खात नाहीत, मग मीच चार घास कसेबसे गिळते, कारण मी पडले तर इथे उभं राहायला दुसरं कोण आहे.

डॉक्टर चांगले आहेत. त्यांनी पाय पाहिला आणि सरळ सांगितलं, "पाटील, गुडघ्याच्या वरून कापावा लागेल. उशीर केलात तर विष अंगात जाईल. पाय ठेवला तर तुम्ही राहणार नाही."

आबा म्हणाले, "पाय बी मन्हा शे, जीव बी मन्हा शे. कापाना नही."

"का कापायचा नाही?"

"गाडीले तीन पेडल शेत, डॉक्टरसाहेब. दोन पाय बी कमीच पडतस. एक पायवर ती कशी चाली?"

डॉक्टरांना वाटलं तापात बडबडतात. त्यांनी मला विचारलं, यांचा मोटारीचा धंदा आहे का. मी काय सांगू? धंदा नाही, शेती आहे, घरात खायला आहे. मोटार नसली तरी काही अडत नाही. पण हा माणूस तिच्यासाठी मरायला बसला आहे असं कसं सांगू? आणि तेही खरं नाही. तिच्यासाठी नाही.

आता सगळंच लिहिते. डुक्कर नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तू लष्करात नाव घातलंस त्या दिवशीचं आबांचं बोलणं तू विसरला नसशील. मीही नाही. "मन्ही गाडीवर शिकना नि लोकेसन्या गाड्या हाकाले चालना? मंग पायी जा. चंद्रीमा तुले जागा नही." तू ट्रंक डोक्यावर घेतलीस आणि चालत निघालास. मी पाणंदीपर्यंत आले. घरी परतले तेव्हा हे चंद्रीच्या चाकाशी उकिडवे बसलेले होते आणि जेवायला उठले नाहीत. त्यानंतर तुझी पत्रं आली ती सगळी मला. त्यांचं नाव एकातही नाही. मी वाचून दाखवायचे, ते ऐकायचे, शेवटी विचारायचे, "बस?" मी म्हणायचे, बस.

आणि मग दसऱ्याला तुझ्या रजेचं ते पत्र आलं. शेवटच्या ओळीत तू लिहिलंस, "सामान जड आहे, आबा चंद्री घेऊन आले तर बरं होईल." मी ती ओळ वाचली. आबांनी पुन्हा वाचायला लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यांना वाचता येत नाही, पण ती ओळ कागदावर कुठे आहे ते त्यांनी बोट ठेवून विचारून घेतलं. मग गावात जो भेटेल त्याला सांगायचे, "पोऱ्यानं सामान जड शे म्हने." जणू काही तू फौजदार होऊन येतो आहेस. रेशनचं पेट्रोल वर्षभर साठवून ठेवलं होतं ते कशासाठी, ते मला त्या दिवशी कळलं.

धनत्रयोदशीला आम्ही दुपारपासून स्टेशनावर. चंद्रीला माळ, मला हिरवं लुगडं नेसायला लावलं. गाडी आली, गेली. दुसरी आली, गेली. आबा प्रत्येक डब्यापाशी जाऊन आत वाकून पाहत होते. शेवटी मीच म्हटलं, घरी चला. निघालो. भरावावर आलो तेव्हा मागून रुळांवर शिट्टी ऐकू आली.

"ऊनी," म्हणाले. "तो ह्याच गाडीमा व्हई."

मी म्हटलं, "आवो, ती मालगाडी शे. अंधार पडी ऱ्हायना, घर चाला."

"पोऱ्या उतरी नि आपुन नही दिसनूत ते? तो म्हनी, बाप नही ऊना."

आणि त्या अरुंद भरावावर त्यांनी गाडी मागे वळवायला घेतली. मागचं चाक कडेवरून सुटलं. बाकीचं तुला माहीत आहे. रानडुक्कर मी घातलं, कारण खरं लिहिलं असतं तर तू ते जन्मभर उरावर घेऊन फिरला असतास. आता मला तुझ्या उराचा विचार करायला सवड नाही. मला तुझ्या बापाचा जीव हवा आहे.

त्यांचं म्हणणं एकच. गाडी दुरुस्त होईल, पाय बरा होईल, आणि ते स्वतः तुला स्टेशनावरून घरी आणतील. जिच्यात जागा नाही म्हणाले, तिच्यात बसवून आणतील. त्याआधी कोणाला पायाला हात लावू देणार नाहीत. धनुआत्या त्यांच्या उशाशी बसून भर घालते, "मन्हा भाऊ कुबडीवर चाली? लोके काय म्हनतीन?" काल मी तिला पहिल्यांदा उलटून बोलले. आता ती माझ्याशी बोलत नाही, तेवढंच बरं आहे.

तू लिही. दोन ओळी, आबांच्या नावानं. "मला गाडी नको. पाय कापू द्या. मला तुम्ही पाहिजेत." तार करता आली तर तार कर. मीही इथून तार केली आहे, पण पोस्टमास्तर म्हणतात की लष्करी पत्त्यावर पोचेल कधी ते सांगता येत नाही. तुझ्या नावानं मीच पत्र लिहून वाचून दाखवावं असंही मनात आलं. पण ते कागद हातात घेतात. वाचता येत नसलं तरी तुझं अक्षर ओळखतात.

हे पत्र जे साहेब उघडतील त्यांच्या पाया पडते. यात लढाईचं काही नाही. काय खोडायचं ते खोडा, पण हे लवकर पुढे जाऊ द्या.

तुझी आई


नंदुरबार
कार्तिक वद्य चतुर्थी

सुपडू,

तुझं उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच, हे मला पत्र पेटीत टाकतानाच कळत होतं. लाल पेटीत हात घालून ते परत काढावं आणि स्वतःच पळत तुझ्याकडे यावं असं वाटलं. पण कुठे येऊ? ते गाव शाईखाली आहे.

काळं गुडघ्याकडे चढायला लागलं तेव्हा मी ठरवलं की आता कोणाला विचारायचं नाही. आबा चंद्रीसाठी पाय ठेवत आहेत. चंद्रीच राहिली नाही तर पाय ठेवायला कारण राहणार नाही. हे सुचलं तेव्हा माझीच मला भीती वाटली. पण सुचलं ते खरं.

युसुफला म्हटलं, तिला घेणारा बघ. त्यानं दोन्ही हात जोडले. म्हणाला, "भाभी, भाऊले काय सांगशी?" मी म्हटलं, ते माझ्यावर सोड. तो सारंगखेड्याच्या दोधू पाटलांकडे गेला. त्यांचा तापीकाठी मळा आहे, विहिरीवर बसवायला त्यांना इंजिन हवंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बैल आणि गाडा घेऊन रनाळ्याला आले. धनुआत्याला आबांपाशी बसवून मीही गेले.

मी भाव केला नाही. एवढंच म्हटलं की नीट ठेवा. तो भला माणूस टोपी काढून म्हणाला, "वहिनी, मळामा सावलीमा ठेवसू. पानी काढी नि खाई ती."

दारातलं जनावर जाताना घरच्या बाईनं काय करायचं ते सगळं मी केलं. चारी चाकांवर पाणी घातलं. जाळी फुटली होती तरी तिला हळदकुंकू लावलं. भाकरीवर गूळ ठेवून पुढे धरली आणि मग लक्षात आलं की हिला तोंड कुठे आहे. युसुफ रडता रडता हसला आणि मीही हसले. शेवटी ती भाकरी पुढच्या बैठकीवर ठेवली, जिथे तू लहानपणी आबांच्या मांडीवर बसून भोंगा दाबायचास. तिथलं कातडं फाटून आतला काथ्या वर आला आहे. मी त्यावर हात फिरवला. वीस वर्षं जिला जाऊबाई म्हणून टोचून बोलले तिच्या दाराशी कपाळ टेकून मी म्हटलं, बाई, तू जा, म्हणजे ते राहतील. मोठ्यानं म्हटलं. दोधू पाटलांनी तोंड फिरवलं.

आता दाव्याचं. आपल्या घरात जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, ते तुला ठाऊक आहे. घेणारा आपलं दावं घेऊन येतो. आपलं दावं काढून घरात खुंटीला, म्हणजे दाराची बरकत जनावराबरोबर जात नाही. आजोबांच्या घोडीचं अजून लटकतं आहे. चंद्रीला दावं कुठलं? मी पुढे गेले आणि तिला सुरू करायचं लोखंडी हँडल दोन्ही हातांनी ओढून काढलं. वाकलं असल्यामुळे निघेना. युसुफ पुढे आला, त्याला म्हटलं, तू नको, हे घरच्यांनीच काढायचं असतं. निघालं तेव्हा माझ्या तळहाताची साल निघाली होती.

बैलांनी ओढलं, चंद्री हलली. वाकडं चाक करकरत होतं. वेशीपर्यंत ऐकू येत होतं, मग थांबलं.

तेच हँडल पदराखाली घेऊन संध्याकाळी मी दवाखान्यात आले. आबा जागे होते. डोळे तापानं लाल. मी धनुआत्याला बाहेर पाठवलं.

म्हटलं, "चंद्री दिधी."

"कोनले?"

"सारंगखेडाना दोधू पाटीलले."

"झूट बोलस. मी मराले नको म्हनीसन झूट बोलस."

मी ते हँडल त्यांच्या हातात ठेवलं.

सुपडू, त्यांनी ते पाहिलंसुद्धा नाही. अंगठ्यानं चाचपलं, मुठीची जागा, वाकलेलं टोक. बराच वेळ चाचपत होते. मग विचारलं, "दावं ऱ्हाऊ दिधं त्यासनी?"

"हाव."

"तू काढं?"

"मीच काढं."

मला शिव्या द्याव्यात, ते हँडल माझ्या अंगावर फेकावं, असं वाटत होतं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. खांदे हलत होते. तीस वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, आणि मीच रडवलं. मग भिंतीकडे पाहतच म्हणाले, "मंग पाय तरी कसाले? डॉक्टरले सांग, काय करनं ते कर."

त्याच संध्याकाळी कापला. मी बाहेर ओसरीवर बसले होते. युसुफ भिंतीशी उभा राहून त्याच्या देवाला काही म्हणत होता, मी माझ्या देवाला. आत काय झालं ते लिहीत नाही.

आज तिसरा दिवस. ताप उतरत नाही. डॉक्टर म्हणाले, विष आधीच वर गेलं होतं, आणखी आधी आणायला हवं होतं. आणखी आधी म्हणजे मी ज्या दिवशी तुला म्हशीचं आणि करंज्यांचं लिहीत बसले होते तेव्हा. ते म्हणाले, जवळचं कोणी असेल तर बोलवून घ्या. मी म्हटलं, बोलावलं आहे. किती वेळा बोलावलं ते त्यांना काय सांगू.

हँडल ते सोडत नाहीत. दोन्ही मुठींत धरून छातीवर असतं. आज दुपारी त्यांचे हात चाक धरल्यासारखे फिरायला लागले. उजवा पाय गादीवर दाबत होते. आणि डाव्या बाजूचं जे उरलं आहे तेही हलत होतं, पेडल शोधत होतं. मी पांघरूण दाबून धरलं. तुझ्या जन्माच्या वेळीसुद्धा मी ओरडले नव्हते, आज तोंडात पदर कोंबावा लागला.

मग ते अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, "सुपडू, सामान लिधं का?"

खोलीत मी आणि ते. दुसरं कोणी नाही. माझ्या तोंडून निघालं, "लिधं, आबा."

"जड शे?"

"नही. उचलायनं."

"मांगे बठू नको. फुडे बठ. मन्हा जोडे बठ."

सुपडू, मी काय करणार होते? दोन वर्षं तुम्ही दोघं एकमेकांशी माझ्या तोंडून बोलत आलात. आज त्यांनी तुला जागा दिली आणि घ्यायला तू नव्हतास.

"बठना का?" त्यांनी पुन्हा विचारलं.

मी म्हटलं, "बठनू."

त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. हात थांबले. तेव्हापासून डोळे मिटून पडले आहेत. मी दर थोड्या वेळानं नाकापुढे हात धरून पाहते. श्वास आहे. थोडा आहे, पण आहे. हे पत्र मी एका हातानं लिहिते आहे, दुसरा तिथेच आहे.

तुझ्या साहेबांना दाखव हे. रजा मागू नकोस, पाय धर. पळून यावं लागलं तर पळून ये, मग जी शिक्षा होईल ती आपण दोघं मिळून भोगू. हेही खोडतील कदाचित, खोडू देत.

मी तुझ्या नावानं त्यांना हो म्हटलं आहे. मला खोटं पाडू नकोस.

तुझी,
त्यांच्या नाकाशी हात धरून बसलेली
आई